कौतिकाबाईची नखं

"कौतिकाबाई, पानांत कसली घाण मिसळता तुम्ही?"

देवपुजारी सरांनी हे विचारलं तेव्हा त्यांचा आवाज चढलेला नव्हता. तो कधीच चढत नसे. परीक्षानळ्यांचा स्टँड खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून ते एकेक नळी उजेडात धरून पाहत होते. कौतिकाबाई खलापाशी पदराला हात पुसत उभी होती. त्या दोघांच्या मधोमध मी होते आणि मला कुठेतरी दडून बसावंसं वाटत होतं, कारण ही तक्रार सरांच्या कानावर मीच घातली होती.

"घान नाई मिसळत सायेब," कौतिकाबाई म्हणाली.

"मग या ठोसर वाटतात त्या रसाला काही रंग येत नाही आणि तुम्ही वाटता त्याला निळा येतो, हे कसं? आज सकाळी तुम्ही एकटीने वाटलात त्याला निळा आला. आत्ता दुपारी माझ्यासमोर वाटलात, त्याला नाही आला. झाडं तीच, खल तोच, हातही तेच."

कौतिकाबाई खलातला चोथा काढू लागली.

"सोमवारी कायम करायच्या लोकांची यादी वर जाणार आहे. माझा शेरा लागतो त्यावर. सात वर्षं रोजंदारीवर काढलीत तुम्ही, मला वाईट वाटतं. पण ज्या हाताची खात्री नाही त्याला प्रयोगशाळेत कायम करा, असं मी कसं लिहू?"

"जसं तुमाले वाटन तसं," ती म्हणाली, आणि खल उचलून धुवायला घेऊन गेली. शनिवार होता. त्या यादीला दीड दिवस उरला होता.

ही गोष्ट शहाऐंशी सालची, पोळ्यानंतरच्या आठवड्यातली. वऱ्हाडातल्या एका कृषी महाविद्यालयात मी एम.एस्सी. करत होते. सोयाबीन तेव्हा आमच्या भागात नवं नवं आलं होतं. तेलाच्या गिरण्या ते मागत होत्या, पण घरात त्याचं काय करायचं ते कोणालाच उमगत नव्हतं. माझ्या आईने एकदा त्याची उसळ केली होती, आणि आम्ही सगळ्यांनी ती आईची नजर चुकवून गाईपुढे ठेवली होती. गाईनेही विचार करून खाल्ली.

माझा विषय मात्र शेंगा नव्हता, पानं होता. सोयाबीनच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र धरतात, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. पण तो नत्र मुळापासून वर पानापर्यंत जातो कसा? सोयाबीन, चवळी यांसारखी पिकं तो एका पदार्थात बांधून पाठवतात. अलँटोइक आम्ल असं त्याचं नाव. त्याच्या एका रेणूत नत्राचे चार अणू कोंबून बसवलेले असतात. सर त्याला 'गाठोडं' म्हणत. हे गाठोडं पानात पोचलं की पान ते सोडतं, नत्र बाहेर काढतं आणि त्याची प्रथिनं करतं. आता सोडतं ते कसं, यावर त्या काळात जाणकारांची दोन मतं होती. काही म्हणत, पान आधी त्यातून युरिया काढतं आणि मग युरिया फोडतं. सर म्हणत, छे, पान एवढा लांबचा रस्ता धरणार नाही, ते थेट अमोनियाच मोकळा करत असणार. हे सिद्ध झालं असतं तर सरांच्या बारा वर्षांच्या हट्टाचं चीज होणार होतं आणि मला पदवी मिळणार होती.

पहिल्यांदा सर मला हे समजावून सांगत होते तेव्हा कौतिकाबाई कोपऱ्यात बाटल्या पुसत होती. तिचं नाव तिला शोभायचं. तिला प्रत्येक गोष्टीचं कुतूहल. सर गेल्यावर ती हळूच जवळ आली.

"ताई, मुयातून गाठोडं वर येते, थे समजलं. पन पान थे सोडते कायनं? पानाले हात कुठी हायेत?"

"पानात एक एन्झाइम असतं," मी म्हटलं. "तेच त्याचे हात समजा."

"पाह्यले काय कोनी थे हात?"

"तेच तर शोधतोय."

"बरं," ती म्हणाली, जणू महिनाभरात निकाल सांगा असं बजावून गेली.

पन्नाशीच्या आसपासची, काटक, नऊवारीचा काचा घट्ट मारलेली बाई. नवरा तरुणपणीच गेलेला. बोटांची नखं कायम काताने रंगवल्यासारखी तपकिरी दिसायची. येता-जाता पान खात असेल, असं समजून मी सोडून दिलं होतं. तिची पोटची मुलगी जवळच्या खेड्यात दिलेली होती आणि कौतिकाबाई एकटीच महाविद्यालयाच्या मागच्या वस्तीत राहायची. कायम झाली की तिला क्वार्टर मिळणार होतं. नळाचं पाणी असलेली एक खोली. ती त्या खोलीबद्दल इतकं कमी बोलायची की तिला ती किती हवी होती ते लगेच कळायचं.

जुलैभर माझे हात रिकामेच राहिले. पानं तोडायची, बर्फावर ठेवलेल्या खलात सरांनी ठरवून दिलेल्या पाण्यात वाटायची, गाळायची. त्या हिरव्या रसात अलँटोइक आम्ल घालायचं, अर्धा तास थांबायचं आणि मग रंग आणणारी औषधं टाकायची. अमोनिया सुटला असेल तर नळी निळी होते. माझ्या नळ्या फिक्क्या त्या फिक्क्याच. मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी आजारी पडले. उलट्या, जुलाब, अंगात त्राण नाही. दहा दिवस हॉस्टेलच्या खाटेवर काढले. परत आले तेव्हा खलात बत्ता फिरवायचीही ताकद नव्हती, म्हणून सरांनी सांगितलं, पानं कौतिकाबाई वाटेल, तुम्ही पुढचं करा.

आणि नळी निळी झाली.

तो दिवस मला लख्ख आठवतो. सर बूट काढायला विसरून तसेच आत आले होते. इतर कोणी असं केलं असतं तर सरांनी त्याला महिनाभर माफ केलं नसतं. त्यांच्या प्रयोगशाळेत चपला बाहेर, डिस्टिल्ड वॉटरखेरीज दुसऱ्या पाण्याचा थेंब आत नाही आणि काचेच्या भांड्याला उघडं बोट लागलं की ते पुन्हा धुवायचं. त्यांनी निळी नळी हातात घेतली, युरिया फोडणाऱ्या एन्झाइमला बांधून ठेवणारं औषध घालून प्रयोग पुन्हा करायला लावला, आणि पुन्हा निळा रंग आला. म्हणजे युरियाचा रस्ता बंद केला तरी अमोनिया सुटत होता. सर म्हणत होते तेच खरं होतं. तीन आठवडे आम्ही दोघं हवेत होतो.

पोळ्याला कौतिकाबाई लेकीकडे गेली आणि पानं मी वाटली. रंग नाही. आधी वाटलं, थंडावा कमी पडला असेल. दुसऱ्या दिवशी ती आली, तिने वाटलं, निळा. तिसऱ्या दिवशी मी तिच्या खलात वाटलं, रंग नाही. तिला माझा खल दिला, निळा. एकाच झाडाची पानं मधोमध चिरून अर्धी तिला दिली, अर्धी मी घेतली. तिची निळी, माझी फिकी. माझी झोप उडाली. पदवी जाणार म्हणून, आणि त्याहून जास्त, तीन आठवड्यांचं कौतुक खोटं ठरणार म्हणून. त्या भीतीपोटी मी शुक्रवारी सरांकडे गेले आणि म्हटलं, "सर, माझ्या कामात काही चूक नाही. कौतिकाबाईंच्या हातून काहीतरी मिसळतंय." असं म्हणताना मला हलकं वाटलं होतं, हे आज लपवण्यात अर्थ नाही.

म्हणून शनिवारची ती चाचणी. सर समोर खुर्ची टाकून बसले, डिस्टिल्ड वॉटरची बाटली स्वतः पुढे केली, "याच पाण्यात धुवा," म्हणाले. तिने धुतली, वाटली, आणि रंग आला नाही.

सर मला म्हणाले, "प्रयोगात आपण न टाकलेलं जे येतं त्याला घाण म्हणतात, ठोसर. मग ते काहीही असो. आपण तीन आठवडे घाणीचा रंग मोजत होतो."

रविवारी सकाळी मी वही घेऊन बसले. मन लागत नव्हतं, पण त्या निळ्या रंगाचं कोडं काही केल्या डोक्यातून जात नव्हतं. तिच्या हाताला खताचा अंश असेल, त्यातलाच अमोनिया नळीत उतरत असेल, अशी माझी समजूत होती. मी जुन्या नोंदी उलटत गेले. प्रत्येक वेळी मी एक जोडीची नळी ठेवत असे. तिच्यात नुसता रस, अलँटोइक आम्ल नाही. कौतिकाबाईने वाटलेल्या रसाच्याही तशा नळ्या होत्या. आणि त्यांतली एकही निळी झाली नव्हती.

मी तीन वेळा मागेपुढे करून पाहिलं. हाताचाच अमोनिया असता तर या नळ्याही निळ्या व्हायला हव्या होत्या. म्हणजे अमोनिया त्या आम्लातूनच सुटत होता. पान खरंच गाठोडं सोडत होतं. फक्त कौतिकाबाईने वाटलं तरच सोडत होतं. हा विचार मला शुक्रवारीच सुचायला हवा होता. दोष दुसऱ्यावर ढकलायची घाई होती, म्हणून सुचला नाही.

मी तडक जाळीघराकडे गेले, जिथे आमच्या सोयाबीनच्या कुंड्या होत्या. कुंड्यांना रविवारीही पाणी लागायचं, कौतिकाबाई येणार हे ठाऊक होतं. जाळीघराचं दार सुतळीने बांधलेलं होतं आणि पावसाने सुतळी फुगून गाठ दगडासारखी झाली होती. मी बोटांनी ओढते आहे, ती आणखीच आवळते आहे.

"सरका ताई." कौतिकाबाई मागे बादली घेऊन उभी होती. काल काही घडलंच नाही असा चेहरा. "बोटानं नाई सुटत थे. गाठ सोडाले नख लागते."

तिने अंगठ्याचं नख गाठीत खुपसलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवलं, आणि गाठ सैल झाली. मी त्या नखाकडे पाहत होते. एवढ्या जवळून मी ते कधी पाहिलं नव्हतं. कडेला गडद, मधे फिकं तपकिरी.

"कौतिकाबाई, तुम्ही पान खाता?"

"नाई वं माय. उभ्या जन्मात नाई खाल्लं."

"मग नखं अशी कशाने झाली?"

तिने हात पदराखाली घेतला. "अशीच हायेत."

"पानं वाटायच्या आधी तुम्ही कशात धुता?"

"पान्यात."

"नुसत्या पाण्यात?"

ती बादलीत पाहत बोलली. "ताई, म्या आता काईच सांगत नाई. काई सांगतलं का तुमी घान म्हनता."

जाळीघराच्या मागे कागदी लिंबाचं झाड होतं. मी एक लिंबू तोडलं, पानं कापायच्या कात्रीने त्याचे दोन भाग केले आणि तिचा हात मागितला. तिने दिला, नाइलाजाने. अंगठ्याच्या नखावर मी लिंबाची फोड चोळत राहिले. तपकिरी रंग हळूहळू विरळ झाला आणि खालून स्वच्छ, गुलाबी नख वर आलं. पहिल्या वर्षाला असताना माझीही बोटं अशीच झाली होती. पोटॅशियम परमँगनेट सांडलं होतं, आणि एका सीनिअर मुलीने असंच लिंबू चोळायला सांगितलं होतं. परमँगनेटचे ते जांभळे खडे पाण्यात गुलाबी दिसतात, पण कातडीवर वाळले की तपकिरी डाग सोडतात. तो डाग मँगनीजचा.

कौतिकाबाई आपल्या नखाकडे पाहत होती. मग तिने कमरेची पिशवी उघडली आणि कागदाची एक चपटी पुडी माझ्या हातावर ठेवली. आत आठ-दहा जांभळे खडे होते.

"लाल दवाई हाये," ती म्हणाली. "माही हाये, दुकानातून आनली. तुमच्या कपाटातली नाई."

"यात धुता पानं?"

"एक खडा टाकते भगुन्यात. दोन डाव त्यात बुडवते, मंग तुमच्या त्या बाटलीतल्या पान्यातून काढते. सायबाच्या पान्याले म्या कधी चुकवलं नाई." मग न विचारताच पुढे बोलू लागली. "मी आठ वर्साची होती तवा गावात पटकीची साथ आली. माही लहानी बहीन गेली त्यात. मंग सरकारी मानूस आला. त्यानं हिरीत लाल दवाई टाकली अन बायाइले सांगतलं, पालाभाजी यात बुडवल्याबिगर घेऊ नोका. तवापासून..."

"मँगनीज," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही. तुम्ही इथेच थांबा. जाऊ नका कुठे."

"पन ताई, आयकून तं घ्या..."

मी ऐकलं नाही. ती काय सांगत होती ते विचारायचं मला सुचलंच नाही. मी चार पानं तोडून प्रयोगशाळेकडे पळत सुटले होते.

कुंड्यांना द्यायच्या पोषक द्रावणासाठी आमच्याच फळीवर मँगनीज सल्फेटची बाटली होती. फिकट गुलाबी पूड. मी स्वतः पानं डिस्टिल्ड वॉटरने धुतली, सरांनी ठरवून दिलेल्या पाण्यात वाटली, त्यांच्या नियमाने, कुठे बोट लागू न देता. रसाचे दोन वाटे केले. एकात ती गुलाबी पूड, चिमटीहूनही कमी, पाण्यात विरघळवून घातली, दुसऱ्यात काही नाही. दोन्हींत अलँटोइक आम्ल. जोडीच्या नळ्या. अर्धा तास मी घड्याळाकडे पाहत उभी राहिले. एव्हाना कौतिकाबाई दाराशी येऊन बसली होती, चपला बाहेर काढून.

रंगाची औषधं घातली. साधा रस फिका राहिला. जोडीच्या नळ्या फिक्या राहिल्या. मँगनीजची नळी आधी हिरवट झाली, मग निळी, मग इतकी गडद निळी की पलीकडची खिडकी दिसेना. तिने वाटलेल्या रसालाही असा रंग कधी आला नव्हता.

"हे तुमच्या नखातलं आहे," मी तिला म्हटलं. "पान गाठोडं सोडतं ते याच्या जोरावर."

तिने नळी हातात न घेता, वाकून पाहिली. बराच वेळ पाहिली. "म्हंजे पानाले बी नख लागते," ती म्हणाली.

तिच्या या बोलण्यावर हसता हसता मला दुसरी गोष्ट सुचली. पानात हे नख मुळात असतंच की. नसतं तर शेतातलं सोयाबीन जगलं कसं असतं? मग आमच्या रसात ते का नव्हतं? मी सरांची कृती वाचायला घेतली. वाटायच्या पाण्यात एक औषध होतं, रस खराब होऊ नये म्हणून घातलेलं. त्याचं काम एकच, भटके धातू पकडून जखडून ठेवायचे. लोखंड, तांबं, जे सापडेल ते. मँगनीजही. स्वच्छतेच्या नादात आम्ही पानाची नखंच कापून टाकली होती, आणि मग ते गाठ सोडत नाही म्हणून हैराण होत होतो. कौतिकाबाईचं लाल पाणी ती गमावलेली नखं नकळत परत देत होतं.

सोमवारी सर साडेआठला आले तेव्हा आम्ही दोघी तयार होतो. त्यांच्या टेबलावर शेऱ्याचा कागद सही करून ठेवलेला होता. कार्यालयाचा शिपाई दहाला तो न्यायला येणार होता. मी काही सांगितलं नाही. म्हटलं, "सर, एकदा बघा," आणि सगळा प्रयोग त्यांच्यासमोर पहिल्यापासून केला. नळी निळी झाली. सरांनी ती उजेडात धरली, मग मला उठवून माझ्या जागी बसले आणि स्वतःच्या हातांनी सगळं पुन्हा केलं. त्यांचीही नळी निळी झाली.

त्यांनी चष्मा काढून पुसला. बारा वर्षांचा हट्ट खरा ठरलेला माणूस असा दिसतो हे मला माहीत नव्हतं. ते थोडे घाबरल्यासारखे दिसत होते.

"कृती माझी होती," ते म्हणाले. "चूक माझ्या कृतीत होती. हे तुम्हाला कसं सापडलं?"

"कौतिकाबाईंच्या नखांवरून." मी पुडी त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं.

सरांनी तिला आत बोलावलं. ती टेबलापासून दूर उभी राहिली. तिची नजर त्या सही केलेल्या कागदावर गेली आणि तिथून हलली नाही. तिला वाचता येत नव्हतं, पण तो कागद कसला हे तिला कळलं होतं.

"कौतिकाबाई, मी परवा विचारलं तेव्हा हे का सांगितलं नाहीत?"

"तुमी इचारलं, घान काय मिसळता. म्या घान नोती मिसळली सायेब." ती सरळ उभी होती. "काय मिसळता, असं इचारलं असतं तं सांगतलं असतं."

सरांनी पुडी जवळ ओढून आतले खडे पाहिले. त्यांना तोडीस तोड उत्तर देणारा माणूस त्या विभागात दुसरा नव्हता, आणि तो सात वर्षं बाटल्या पुसत होता.

"पण मला एक कळत नाही," सर म्हणाले. "पालाभाजी धुता ते ठीक. ही पानं काय खायची होती? ती लाल औषधात कशाला बुडवायची?"

कौतिकाबाईने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा सरांकडे. "खायची नसतीन. पन ताई थो रस तोंडानं ओढतात ना."

मला आधी समजलंच नाही.

"काचेच्या नळीनं," ती सरांना हाताने दाखवत होती, गाल आत ओढून. "रोज पाह्यते म्या. कधी कधी तोंडात बी जाते, मंग थुकतात. पाला उघड्यावरचा, जाळीवरून पाखरं हगतात, शेनखत हाये, कोनाकोनाचे हात. तवा त्या दहा रोज पडून होत्या, हागवन अन उलट्या. मले बहिनीची याद आली. म्या म्हनलं, ताई काई आयकनार नाई, शिकलेल्या हायेत. पाला धुनं तं आपल्या हातात हाये."

तेव्हा आम्ही सगळेच पिपेट तोंडाने ओढायचो. सरही. रबरी फुगे कपाटात होते, पण ते लावून काम करणं म्हणजे वेळ घालवणं, असं आमचं ठरलेलं होतं. निळा रंग माझ्या आजारपणानंतरच का येऊ लागला, याचा हिशेब मी एकदाही लावला नव्हता. त्या क्षणी तो आपोआप लागला, आणि मला तिच्याकडे बघवेना.

सरांनी टेबलावरचा कागद उचलला, दोनदा दुमडला आणि खिशात घातला. नवा कागद घेतला. ते लिहीत होते तेव्हा मी उलट्या बाजूनेही वाचू शकले, कारण ओळ एकच होती. 'काम अत्यंत स्वच्छ. कायम करावे.' खाली सही केली, शिक्का मारला. मग उठून कपाटातून धुळीने माखलेला लाल रबरी फुगा काढला आणि माझ्या हातात दिला.

शिपाई कागद घेऊन गेला. सर तासाला गेले. कौतिकाबाईने खल घेतला आणि विचारलं, "मंग आता पाला धुवू का नोको धुवू?"

"तुमच्या पाण्यात नको. आता मँगनीज मी मोजून घालीन," मी म्हटलं. "आणि हे वापरीन." मी फुगा दाबून पिपेटला लावला आणि सोडला. रस अर्ध्यावर चढला आणि खाली घसरला. पुन्हा दाबला, पुन्हा घसरला.

"जमन," ती म्हणाली. "घाई नोका करू."

मला राहवलं नाही. पिपेट खाली ठेवून मी म्हटलं, "कौतिकाबाई, सरांकडे तुमची तक्रार मी केली होती."

ती बर्फ फोडत होती. तिने मान वर केली नाही. "मालूम हाये. सायेबानं शुक्रवारी संध्याकाळीच सांगतलं. ताई म्हनतात तुमच्या हातून कायतरी मिसळते, उद्या दुपारी माह्यासमोर वाटजा, म्हने."

बर्फ खलाभोवती नीट रचून ती पानं आणायला जाळीघराकडे निघून गेली. मी वही उघडली. शनिवारची, म्हणजे तिला हे कळल्यानंतरच्या सकाळची, नोंद माझ्याच अक्षरात होती. सकाळी आठ, पानं कौतिकाबाईने वाटली. रंग गडद निळा.